न्यू हॅम्पशायरमधल्या एका प्रचारकार्यालयाची पडझड

सप्टेंबर २०१९ मध्ये आमच्या कार्यालयातल्या मुलांना पेट्रोलचे पैसे मिळायला उशीर होऊ लागला. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात दारोदार प्रचार करायचा म्हणजे रोज स्वतःची गाडी काढावी लागते. किती मैल फिरलो याचा हिशेब पाठवला की आठवड्याभरात पैसे जमा व्हायचे. आता विचारलं की "वर पाठवलंय" एवढंच उत्तर मिळायचं. मग अंगणात लावायच्या पाट्यांची नवी खेप आली नाही. कीन गावात दुसरं कार्यालय उघडायचं ठरलं होतं, त्याबद्दल कुणी बोलेनासं झालं. प्रचारमोहीम कोसळतेय हे बाहेरच्या जगाला राजीनाम्याच्या बातमीतून कळतं. आत ते कितीतरी आधी अशा थकलेल्या बिलांतून कळलेलं असतं.

मी मूळची साताऱ्याची, पण बरीच वर्षं नॅशुआत राहते. नागरिकत्व घेतल्यावर राजकारणात काहीतरी हाताने करायचं होतं, म्हणून सॉफ्टवेअरची नोकरी सोडून त्या उन्हाळ्यात २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका इच्छुक उमेदवाराच्या मोहिमेत पगारी ‘फील्ड ऑर्गनायझर’ झाले. त्या उमेदवाराचं नाव इथे घेत नाही, कारण मी सांगणार आहे ते त्या वर्षी अनेक मोहिमांत घडलं आणि ज्यांच्याबरोबर काम केलं ती तरुण मुलं अजून याच क्षेत्रात आहेत.

आपल्याकडच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी ठरवतात. इथे एकाच पक्षाचे इच्छुक एकमेकांविरुद्ध लढतात आणि तिकीट कुणाला हे मतदार ठरवतात. या पक्षांतर्गत मतदानाला ‘प्रायमरी’ म्हणतात. पक्ष तटस्थ राहतो. त्यामुळे प्रत्येक इच्छुकाला स्वतःची संघटना शून्यातून उभारावी लागते: मुख्यालय, राज्याराज्यांतली कार्यालयं, पगारपत्रक, आरोग्यविमा, सल्लागार. माझे वडील साताऱ्यात आयुष्यभर कार्यकर्ते होते. नेता हरला तरी कार्यकर्ता त्याच्या घरच्या लग्नाला जातो, पाच वर्षांनी पुन्हा झेंडा उचलतो. इथे मोहीम बुडाली की संघटना नावाचं काही उरतच नाही. तक्रार घेऊन जावं असं पक्षकार्यालय नसतं, समजूत काढणारे जुने-जाणते नसतात. आमच्या राज्यातल्या पथकात बहुतेक जण बावीस-तेविशीचे होते, दुसऱ्या राज्यांतून घर सोडून आलेले, आणि कुठल्या तरी समर्थकाच्या घरच्या रिकाम्या खोलीत फुकट राहणारे.

माझं काम नॅशुआ आणि आसपासच्या गावांत होतं. मतदारयादीतून फोन करायचे, दारं ठोठवायची, जो ऐकून घेतो त्याच्याबरोबर कॉफी प्यायची, आणि त्यातून स्वयंसेवक घडवायचे. प्रत्येक मतदाराला एक ते पाच असा आकडा द्यायचा. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का दुसऱ्याचा. रोज रात्री नऊनंतर हे आकडे वर कळवायचे. या राज्यात सुमारे ४० टक्के मतदार कुठल्याच पक्षाकडे नोंदलेले नसतात आणि त्यांना कुठल्याही एका प्रायमरीत मत देता येतं. विधानसभेच्या खालच्या सभागृहात ४०० सदस्य आहेत आणि त्यांचं मानधन वर्षाला १०० डॉलर. म्हणजे ‘आमदार’ हा शेजारचा निवृत्त पोस्टमन किंवा बागकाम करणाऱ्या आजी. त्यांचा पाठिंबा भाषणांनी मिळत नाही. तीन-चारदा घरी जावं लागतं. हे काम सावकाश होतं आणि मुख्यालयात बसून ते दिसत नाही. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ माझ्या मते इथेच होतं.

त्या वर्षी रिंगणात वीसहून जास्त उमेदवार होते. टीव्हीवरच्या डिबेटमध्ये उभं राहायचं तर पक्षाच्या राष्ट्रीय समितीने अटी घातल्या होत्या. पहिल्या डिबेटसाठी ६५,००० देणगीदार किंवा तीन सर्वेक्षणांत एक टक्का पुरे होता. सप्टेंबरच्या डिबेटसाठी १,३०,००० देणगीदार आणि शिवाय चार सर्वेक्षणांत दोन टक्के हवे झाले. नोव्हेंबरसाठी १,६५,००० आणि तीन टक्के. डिबेटमध्ये नसाल तर बातम्यांत नाही, बातम्यांत नसाल तर देणग्या नाहीत. मग देणगीदारांची संख्या वाढवायला फेसबुकवर जाहिराती सुरू झाल्या. एक डॉलर देणारा एक माणूस मिळवायला जाहिरातीवर त्याच्या कितीतरी पट खर्च होत होता. तो पैसा आमच्या पाट्यांचा, पेट्रोलचा, कीनच्या कार्यालयाचा होता.

मुख्यालयात यावरून दोन तट पडले. डिजिटलवाले म्हणायचे, डिबेटला नसलो तर फील्ड ठेवून काय करायचंय? राज्यांतले लोक म्हणायचे, लोकांशी ओळखच नसेल तर डिबेटमधली दोन मिनिटं कुणाच्या लक्षात राहणार? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. पण निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत जाहिरातींचे सल्लागार होते, आणि या धंद्यात जाहिरातींवर होणाऱ्या खर्चाच्या टक्केवारीने मोबदला घ्यायची रीत आहे. आमच्या बाजूने बोलणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं. हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं.

७ सप्टेंबरला मँचेस्टरच्या एसएनएचयू अरेनात पक्षाचं राज्य अधिवेशन झालं. एकोणीस उमेदवार बोलले. वॉरन आणि सँडर्स या आघाडीच्या इच्छुकांच्या लोकांनी पहाटेपासून रस्ते अडवून ढोल वाजवले, आमच्याकडे मोजकीच माणसं आणि उरलेल्या पाट्या. तरी आमचे उमेदवार फार चांगले बोलले. माझ्याबरोबर आलेली एक निवृत्त शिक्षिका, माझी सगळ्यात भरवशाची स्वयंसेवक, डोळे पुसत होती. त्या दिवशी आम्हाला खरंच वाटलं की जमेल.

पुढच्याच आठवड्यात प्रचारप्रमुख बदलले.

ही बातमी आम्हाला एका पत्रकाराच्या ट्वीटमधून कळली. अर्ध्या तासाने सगळ्यांसाठी फोनबैठक लागली. जुने प्रमुख "सल्लागार म्हणून सोबत राहणार" असं सांगण्यात आलं. अशा वेळी हे वाक्य ठरलेलंच असतं. नवे प्रमुख आत्मविश्वासाने बोलले: रचना सुटसुटीत करू, खर्चाला शिस्त लावू, संदेश धारदार करू. प्रश्न विचारायला वेळ ठेवला नव्हता. बैठक संपली आणि कार्यालयात शांतता पसरली नाही, उलट सगळे एकदम बोलायला लागले. कोण कुणाच्या गोटातला, आता आपला राज्यप्रमुख टिकेल का, पत्रकबाजी बघणारी मुलगी जुन्या प्रमुखांनी आणलेली, तिचं काय होणार. ती दोन दिवसांत गेली. तिच्या पाठोपाठ राजकीय संपर्क बघणारा. काढलं नव्हतं कुणाला, पण ज्यांच्या शब्दावर आलो ते गेल्यावर राहायचं कशाला, असं दोघांनीही सांगितलं.

त्या दिवसांत आमच्या कार्यालयात दोन जुन्या गोष्टी सारख्या सांगितल्या जायच्या. पहिली रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅकेन यांची. जुलै २००७ मध्ये त्यांच्या मोहिमेत सुमारे २० लाख डॉलर उरले होते. डझनावारी माणसं कमी केली गेली. प्रचारप्रमुख टेरी नेल्सन आणि जुने विश्वासू जॉन वीव्हर बाहेर पडले, रिक डेव्हिस यांच्याकडे सूत्रं गेली. सगळ्यांनी मॅकेन संपले असं लिहिलं. ८ जानेवारी २००८ ला ते न्यू हॅम्पशायर जिंकले आणि पुढे पक्षाचे उमेदवार झाले. दुसरी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन केरी यांची. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांनी प्रचारप्रमुख जिम जॉर्डन यांना काढून मेरी बेथ केहिल यांना आणलं. मोहिमेचे माध्यम सचिव रॉबर्ट गिब्ज त्याच वेळी सोडून गेले. तेच गिब्ज नंतर ओबामांकडे आले आणि २००९ मध्ये व्हाइट हाउसचे माध्यम सचिव झाले. केरींनी बोस्टनचं घर गहाण ठेवून ६४ लाख डॉलर मोहिमेत घातले आणि १९ जानेवारी २००४ ला आयोवा जिंकलं, म्हणजे तेव्हा सगळ्यात आधी मतदान व्हायचं ते राज्य.

नवे प्रमुखही या दोन गोष्टी सांगायचे. माणसं बदलली की नशीब बदलतं, असा त्यांचा रोख असायचा. मी या गोष्टींचा विचार जितका केला तितकं मला उलटं दिसत गेलं. मॅकेन यांनी २००० सालीच न्यू हॅम्पशायरमध्ये बुश यांना मोठ्या फरकाने हरवलं होतं. २००७ मध्ये पैसा गेला, पण गावोगावच्या सभागृहांत त्यांना नावाने ओळखणारे लोक होते आणि त्या लोकांकडे ते पुन्हा गेले. केरींनी मुख्यालय हलवून टाकलं, पण आयोवातली माणसं कमी न करता वाढवली. दोघांनीही शेवटपर्यंत राखलं ते मतदाराच्या दारात उभं राहणारं बळ. आणि हिलरी क्लिंटन यांचं उदाहरण कुणी काढतच नव्हतं. १० फेब्रुवारी २००८ ला त्यांनी पॅटी सोलिस डॉयल यांच्या जागी मॅगी विल्यम्स यांना आणलं, एप्रिलमध्ये मुख्य रणनीतीकार मार्क पेन यांना बाजूला केलं, स्वतःचे ५० लाख डॉलर आधीच घातले होते, आणि तरी उमेदवारी ओबामांना मिळाली. हे मी एका बैठकीत बोलूनही दाखवलं. राज्यप्रमुखांनी मान डोलावली. त्यांना पटलं होतं, पण त्यांच्या हातात काही नव्हतं.

३० सप्टेंबरला तिमाही संपली. तिमाहीचा शेवट म्हणजे देणग्यांसाठी आटापिटा, कारण १५ ऑक्टोबरला निवडणूक आयोगाकडे दिलेला हिशेब जगजाहीर होतो. पत्रकार दोन आकडे बघतात: किती जमवले आणि किती वेगाने उडवले. आमचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा होता. शिल्लक मात्र फार वाईट दिसत नव्हती, आणि आमच्यातली काही मुलं त्यावर खूश होती. एका अनुभवी सहकाऱ्याने त्यांना समजावलं. त्या वर्षी एका व्यक्तीला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त २,८०० डॉलर देता येत होते, प्रायमरीसाठी वेगळे आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगळे. मोठे देणगीदार दोन्हींचे एकदम देतात. पण मुख्य निवडणुकीसाठी आलेला पैसा प्रायमरीत खर्चता येत नाही. उमेदवारी मिळाली नाही तर तो परत करावा लागतो. शिल्लकीतली ती रक्कम वजा केल्यावर हातात काय उरतं ते त्याने फळ्यावर लिहिलं. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी दोघांनी इतर मोहिमांकडे अर्ज पाठवले.

मधल्या काळात कर्मचारी संघटना करायची चर्चाही झाली. २०१९ च्या मार्चमध्ये सँडर्स यांच्या मोहिमेतले कर्मचारी संघटित झाले होते. अध्यक्षपदाच्या मोठ्या मोहिमेत असं पहिल्यांदाच घडलं होतं, आणि त्यानंतर इतर काही मोहिमांतही ते झालं. आमच्याकडे सह्या गोळा झाल्या, पण करार व्हायच्या आत सगळं संपलं. हे का महत्त्वाचं ते ज्या दिवशी माणसं काढली त्या दिवशी कळलं.

तो दिवस सविस्तर सांगते, कारण यावर कुणी लिहीत नाही.

ऑक्टोबरअखेरची सकाळ होती. दहाच्या ऑनलाइन बैठकीची लिंक रात्री उशिरा आली होती, विषयाच्या जागी फक्त "अद्ययावत माहिती". मुख्यालयातल्या एका अधिकाऱ्याने तयार मजकूर वाचून दाखवला. मोहीम आपली साधनं एका राज्यावर एकवटणार आहे. न्यू हॅम्पशायरमधली बहुतेक पदं आजपासून रद्द. पगार महिनाअखेरपर्यंत, विमाही तेव्हापर्यंतच. काहींना त्या दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. उमेदवार बैठकीत नव्हते. ते दुपारी फोनवर आले आणि आवाजावरून त्यांनाही दुःख झालेलं कळत होतं. त्यांनी आमचे आभार मानले. मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो क्रमाचा. हे शब्द आधी त्यांनी स्वतः सांगायला हवे होते, आणि बातमी फुटायच्या आधी.

बैठक चालू असतानाच मतदारयादीच्या प्रणालीवरचा आमचा प्रवेश बंद झाला. आम्ही तिला नुसतं ‘व्हॅन’ म्हणतो. कुठलाही नोकरदार म्हणेल, काढलेल्या माणसाचा पासवर्ड बंद करणारच. बरोबर आहे. पण त्या व्हॅनमध्ये माझ्या स्वयंसेवकांचे फोन नंबर होते. शनिवारी दारोदार जायला येणाऱ्या लोकांची नावं होती. त्यांना कळवणार कोण? त्यांच्या घरात रात्री बातम्या लागणार आणि त्यांना तिथून कळणार. पायऱ्या चढताना गुडघा धरणारे, थंडीत पाटी घेऊन चौकात उभे राहिलेले ते लोक कुणाच्या पगारपत्रकावर नव्हते. त्यांना काढल्याचं कुणी सांगणारही नव्हतं.

माझ्या मोबाइलमध्ये जेवढे नंबर होते तेवढ्यांना मी फोन केले. कार्यालयातली खुर्ची, टेबलं, कॉफीचं यंत्र लोकांनी दिलेलं होतं, ते ज्याचं त्याला परत करायचं होतं. त्यामुळे एकीकडे सामान बांधणं आणि एकीकडे फोन. शिक्षिकाबाईंना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ती ओहायोची मुलगी कुठे राहणार आता?" ती मुलगी त्यांच्याच वरच्या खोलीत राहत होती. मी म्हटलं, महिनाभर तरी तुमच्याकडेच राहू द्या. त्या म्हणाल्या, तो प्रश्नच नाही, मी तिच्या विम्याबद्दल विचारतेय. त्या मुलीला दम्याचा त्रास होता. नोकरी गेल्यावर जुना विमा स्वखर्चाने चालू ठेवता येतो, पण मालक भरत असलेला वाटाही आपणच भरायचा, आणि तेवढे पैसे तेविशीच्या मुलीकडे कुठून असणार? संघटनेचा करार झाला असता तर आम्ही मागितलेल्या गोष्टींत पहिली हीच होती.

नॅशुआतले एक मराठी काका, मुलाकडे आलेले आणि मग इथेच स्थायिक झालेले, गणपतीत भेटले होते. तेव्हापासून दर बुधवारी फोन करायला यायचे, स्वतःच्या खर्चाने सर्वांसाठी समोसे आणायचे. त्यांना फोन केला.

"अगं, मग आता मतदान कुणाला करायचं?"

"काका, उमेदवार अजून आहेत रिंगणात. फक्त इथलं कार्यालय बंद होतंय."

"असं कसं? आमच्याकडे येणार नाहीत आणि मत मात्र आमचं हवं?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. न्यू हॅम्पशायरचे लोक याबाबतीत फार स्वाभिमानी आहेत. त्यांच्या दारात जो येत नाही त्याचा विचार ते करत नाहीत. एका सकाळच्या बैठकीत आम्ही महिनोन् महिने जोडलेले सगळे ‘एक’ आणि ‘दोन’ दुसऱ्यांना मोकळे करून दिले. पैसा नव्हता हे मला मान्य आहे. कुठलं तरी राज्य सोडावंच लागणार होतं हेही मान्य आहे. पण आठवडाभर दोन माणसं मागे ठेवून त्या लोकांचा नीट निरोप घेतला असता, तर उमेदवाराचं नाव तरी या गावांत आदराने घेतलं गेलं असतं. त्याचा खर्च एका दिवसाच्या जाहिरातींपेक्षा कमी होता.

दुपारनंतर दुसऱ्या मोहिमांचे फोन यायला लागले. आमचे राज्यप्रमुख त्या दिवशी खऱ्या अर्थाने मोठे ठरले. स्वतःची नोकरी गेली असताना त्यांनी प्रत्येकाची माहिती एका कागदावर लिहिली, प्रतिस्पर्धी मोहिमांतल्या ओळखीच्या माणसांना पाठवली आणि रात्रीपर्यंत फोनवर बसून राहिले. बहुतेकांना काम मिळालं. दोघं दुसऱ्या राज्यात गेले. ओहायोच्या मुलीला क्लोबुचर यांच्या मोहिमेत जागा मिळाली.

मी लगेच कुठे गेले नाही. डिसेंबर घरीच काढला. जानेवारीत शिक्षिकाबाईंनी मला जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं आणि आम्ही दोघी स्वयंसेवक म्हणून दारं ठोठवायला लागलो. ११ फेब्रुवारी २०२० ला सँडर्स जिंकले, बुटिजेज अगदी जवळ दुसरे, क्लोबुचर तिसऱ्या. बायडेन पाचवे आले आणि निकाल लागायच्या आतच साउथ कॅरोलायनाला निघून गेले. आयोवातल्या पराभवानंतर त्यांनीही मोहिमेची सूत्रं सल्लागार अनिता डन यांच्याकडे दिली होती. मार्चमध्ये जेन ओ'मॅली डिलन प्रचारप्रमुख झाल्या. पण तोवर २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाने निकाल फिरवला होता. तिथले कृष्णवर्णीय मतदार बायडेन यांना वर्षानुवर्षं ओळखत होते आणि तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी जाहीर पाठिंबा दिला होता. नव्या सूत्रधारांचं श्रेय मी नाकारत नाही. पण मतं आणणारी ओळख त्यांच्या आधीपासून तिथे होती.

२०२२ मध्ये राज्य विधानसभेच्या एका उमेदवाराने मला प्रचाराची व्यवस्था बघायला बोलावलं. लहान मोहीम, पगारी माणसं दोनच. मी कामाला हो म्हणण्याआधी तीन गोष्टी लेखी मागितल्या. कुणाला कमी करायचं असेल तर दोन आठवडे आधी सांगायचं. विम्याचा पुढचा एक महिना मोहीम भरेल. आणि यादी बंद करण्याआधी प्रत्येक स्वयंसेवकाला फोन करायला आम्हाला दोन दिवस मिळतील. उमेदवारबाईंनी तिसरी अट वाचून विचारलं, ही कशासाठी? मी काकांचा प्रश्न सांगितला. त्यांनी सही केली, आणि पहिल्या बुधवारी काका समोसे घेऊन आले.